सोमवारची सुट्टी आणि दोघांचा संसार

(परदेशी निघालेली तरुण दांपत्ये व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशगमनाचा विषय निघाला की व्हिसा, पगार, घरभाडे आणि थंडी या चार गोष्टींची चर्चा पुष्कळ होते. कामाचे पाच दिवस कसे जातील याची चिंता कोणी करीत नाही. ते दिवस कचेरीच पार पाडते. मी आज बोलणार आहे तो विषय वरकरणी किरकोळ वाटेल. जेथे आप्तस्वकीय नाहीत अशा महानगरात जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी दोघांनी कशी घालवावी, हा तो विषय. लंडनमधील अकरा वर्षांच्या वास्तव्यात जी मराठी कुटुंबे मी जवळून पाहिली, त्यांवरून माझे असे मत झाले आहे की, परदेशातील संसाराची खरी परीक्षा या तीन दिवसांतच होते.

इंग्लंडमध्ये अशा सुट्टीला ‘बँक हॉलिडे’ म्हणतात. सर जॉन लबक हे पेढीचे मालक, निसर्गशास्त्राचे व्यासंगी आणि पार्लमेंटचे सभासद. त्यांच्या प्रयत्नाने १८७१ मध्ये या सुट्ट्यांचा कायदा झाला आणि लोक कौतुकाने त्या दिवसाला ‘संत लबकचा दिवस’ म्हणू लागले. आज इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाकाठी अशा आठच सुट्ट्या असतात. त्यांतील ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी सर्वांच्या विशेष प्रीतीची, कारण तिच्यानंतर थेट नाताळपर्यंत सार्वजनिक सुट्टी नाही. उन्हाळा सरत आलेला असतो. तेथील कुटुंबे समुद्रकाठी जातात, आई-वडिलांकडे जातात. ज्यांना जायला घर नाही, त्यांना शहराचे हे रिकामेपण फार जाणवते.

एका दांपत्याचे उदाहरण सांगते. पती संगणक अभियंता, पत्नी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर. लग्नानंतर चार महिन्यांत दोघे लंडनला आली. कुशल कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला तेथे सामान्यतः नोकरी करता येते. पण परवानगी हाती असणे आणि नोकरी मिळणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. ते महिने तिने चार भिंतींत काढले होते. सुट्टीच्या शनिवारी सकाळी आठ वाजता ती पायांत बूट घालून तयार होती आणि तो दुपारपर्यंत झोपला. आठवडाभर राबलेल्या माणसाने झोपावे, यात गैर काय, असे त्याला वाटले. ती म्हणाली, “पाच दिवस मी या घराची राखण करते. सुट्टीतही राखणच करायची का?” दोघांपैकी कोणीही चुकीचे नव्हते. एकाची सुट्टी घरात सुरू होत होती आणि दुसरीची घराबाहेर. पुण्यात असते तर सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू यांनी हे अंतर नकळत भरून काढले असते. परमुलखात ते काम त्या दोघांनाच करावे लागते, आणि ते आपोआप होत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, शुक्रवारी रात्रीच दोघांनी बसून तीन दिवसांची वाटणी करावी. झोपेचा वाटा झोपेला द्यावा, बाहेर पडण्याचा वाटा त्यासाठी राखावा. व्यवहारही पाहावा लागतो. अशा सुट्टीत रेल्वेची दुरुस्तीची कामे काढलेली असतात, तेव्हा गाड्यांची चौकशी आधी केलेली बरी. १९९४ च्या कायद्यानुसार मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी असतात. भाजीपाला शनिवारी भरला की रविवारी पिशव्या घेऊन धावपळ करावी लागत नाही.

दुसरी सूचना अशी की, शहर पायांनी ओळखून घ्यावे. बाजारपेठेच्या भव्य दालनांत दिवस घालवला तर खिसा रिकामा होतो आणि मनात काही उरत नाही. लंडनभोवती ‘कॅपिटल रिंग’ नावाची सुमारे १२६ किलोमीटरची पायवाट आहे. तिचे पंधरा टप्पे आहेत आणि चालायला एक पैसाही लागत नाही. हायगेट ते फिन्सबरी पार्क हा तिचा भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून, गर्द झाडीतून जातो. ऑगस्टअखेर तेथील काटेरी जाळ्यांना ब्लॅकबेरी लगडलेल्या असतात. करवंदाच्या जाळीत हात घालून ओरखडे काढून घेतलेल्या माणसाला ती फळे तोडायला शिकवावे लागत नाही! त्याच हायगेटमध्ये ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे घर आहे. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये उघडलेले ‘इंडिया हाउस’ ते हेच. स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे राहत असत आणि त्यांच्या नावाचा निळा फलक आज भिंतीवर आहे. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. तेथून जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. या घरांसमोर दोघांनी उभे राहावे. घरापासून हजारो कोस दूर राहून, तुटपुंज्या पैशांत, या शहरात दिवस काढणारे आपण पहिले नव्हे, हे तेथे उमगते आणि मन खंबीर होते.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या तीन दिवसांत एकदा तरी आपले दार दुसऱ्यासाठी उघडावे. याच रविवार-सोमवारी लंडनच्या नॉटिंग हिल भागात मोठा कार्निव्हल भरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज बेटांतून पुष्कळ लोक रोजगारासाठी लंडनला आले. १९५८ मध्ये त्याच भागात त्यांच्यावर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत, त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स या पत्रकार महिलेने आपल्या लोकांचे मनोधैर्य टिकावे म्हणून एका सभागृहात कार्निव्हल घडवून आणला. १९६६ पासून नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर उत्सव होऊ लागला आणि आज सारे शहर त्याला लोटते. सार्वजनिक उत्सवाचे सामर्थ्य महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. एकटेपणावर उपाय म्हणून माणसे एकत्र आली आणि परक्या शहरातील सुट्टी त्यांनी आपली करून घेतली, एवढे मात्र त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्या लोकांनीही हे केलेच आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. ऑगस्टअखेरच्या या सुट्टीच्या मागेपुढे अनेकदा गणपती येतात. २०२५ मध्ये सुट्टीचा सोमवार २५ तारखेला होता आणि गणेशचतुर्थी २७ ला. अशा वेळी मखर करायला, मोदकांची उकड काढायला चार हात हवेच असतात. मंडळात प्रेक्षक म्हणून जाऊ नका, हाताला काम मागा. काम करता करताच ओळखी होतात. खोलीत एकटा राहणारा एखादा मराठी विद्यार्थी पिठलं-भात खायला बोलवा. आणि शेजारच्या एकट्या इंग्रज आजीबाईंना विसरू नका. त्यांचीही मुले दूर गेलेली असतात, त्यांचाही सोमवार लांबलचक असतो. मी पाहिलेल्या अनेक घरांत पहिला जिव्हाळ्याचा शेजार अशा एका चहाच्या कपातून जुळला आहे.

आता पालकांना एक विनंती. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असते. तुमची रात्रीची जेवणे होतात तेव्हा तेथे दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणजे नेमकी बाहेर फिरण्याची वेळ. सुट्टीच्या दिवशी त्यांचा फोन आला नाही, तर मुले विसरली असे मानू नका. सकाळची एक वेळ ठरवून घ्या. तासन् तास पडद्यावर समोरासमोर बसवून ठेवलेली मुले देहाने लंडनमध्ये आणि मनाने पुण्यात राहतात, आणि मग दोन्हीकडे उपरी होतात. बोलताना “काय घेतलंत?” असे विचारण्याऐवजी “कुठे चालत गेलात? घरी कोण आलं होतं?” असे विचारा. सूनबाईशी बोलताना हा प्रश्न अधिक आवर्जून विचारा, कारण त्या घरातले सर्वांत शांत पाच दिवस तिच्या वाट्याला आलेले असतात.

तरुण मित्रहो, परदेशात पैसा मिळवाल, पदही मिळवाल. परंतु तीन दिवसांच्या सुट्टीनंतर मंगळवारी सकाळी दोघे एकमेकांचा निरोप घेताना मने भरलेली असतील आणि त्या शहरात आणखी एका माणसाला तुमचे नाव ठाऊक झाले असेल, तर तुमचा संसार तेथे रुजू लागला असे खुशाल समजा. आपणा सर्वांना प्रवासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा देते आणि माझे बोलणे संपवते.