होकार, नकार आणि दिलेला शब्द

नवी मुंबईंत रविवारची उपासना आटोपली, कीं मंदिराच्या दाराशीं एक नेहमींचें दृश्य दिसतें. पाळकसाहेब एखाद्या गृहस्थाचा हात हातांत घेऊन म्हणतात, "यंदा शब्बाथशाळा आपणच पाहावी." पलीकडे पंचमंडळाचे चिटणीस दुसऱ्या कोणास हिशेब लिहिण्याची गळ घालीत असतात, तिसरीकडे नाताळच्या गायनमंडळास एक आवाज कमी पडत असतो. ज्याला विचारलें जातें, तो सोमवार ते शनिवार पहाटेची गाडी धरून मुंबईस जाणारा, किंवा महाप्यांतील कचेरींत रात्रपाळी करून परतणारा असतो. त्याच्या तोंडून "बरें आहे" एवढे शब्द निघून जातात. ते श्रद्धेनें निघाले कीं भिडेनें, हें त्याला घरीं पोंचेपर्यंत उमगत नाहीं.

या शहराचें वयच थोडें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि १९९२ सालीं वाशीपर्यंत आगगाडी आली. गांवाकडच्या जुन्या मंडळींत कोणतें काम कोणत्या घराण्यानें करावयाचें, हें पिढ्यानुपिढ्या ठरलेलें असतें. येथें येऊन राहिलेल्या कुटुंबांना सारें नव्यानें उभें करावें लागलें. साहजिकच कामें पुष्कळ आणि हात थोडे, आणि जो एकदां "हो" म्हणाला त्याच्याच दारीं दुसरें काम येऊन उभें राहतें. भीड भिकेची बहीण ही म्हण जुनी आहे; पण ख्रिस्ती मनुष्याच्या बाबतींत ही भीड भक्तीचा अंगरखा घालून येते, म्हणून ती ओळखणें अधिक कठीण. मंडळीनें मागितलें म्हणजे देवानेंच मागितलें, आणि नाहीं म्हटलें म्हणजे विश्वास उणा पडला, असें त्याला वाटूं लागतें.

शुभवर्तमानांतील येशूचें वर्तन मात्र असें दिसत नाहीं. कफर्णहूमांत संध्याकाळीं सारें गांव दाराशीं लोटलें, अनेक दुखणाईत बरे झाले. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच तो एकांतांत प्रार्थनेस निघून गेला. शिष्य शोधीत आले आणि सर्वजण वाट पाहात आहेत असें सांगूं लागले. त्या गांवांतील सारें दुःख कांहीं संपलें नव्हतें. गरज खरी होती, मागणीहि खरी होती. तरीसुद्धां तो परत न वळतां जवळच्या दुसऱ्या गांवांकडे निघाला, कारण ज्यासाठीं आपण आलों तें काम त्याला ठाऊक होतें. गरज ही एक गोष्ट आणि पाचारण ही दुसरी. पहिलीपुढें मान तुकवितां तुकवितां दुसरीची आठवण बुजते, हा या विषयांतला खरा धोका आहे. यरुशलेमाची तटबंदी बांधणाऱ्या नहेम्याला ओनोच्या मैदानांत भेटीस येण्याविषयीं चार वेळां निरोप आले आणि चारहि वेळां त्यानें एकच उत्तर धाडलें. निरोप धाडणारे शत्रु होते म्हणून तें सोपें गेलें असेल. मित्रांचे निरोप नाकारणें अवघड असतें.

प्रेषितांच्या कृत्यांत मित्रांनाच नाकारण्याचा प्रसंग आहे. विधवांच्या रोजच्या वांटणींत कुरबूर झाली, तेव्हां बारा प्रेषितांनीं तें काम अंगावर घेण्याचें नाकारलें. वचनाची सेवा सोडून पंगतींत वाढणें आपणांस योग्य नाहीं असें त्यांनीं ठरविलें. पण नाकारून ते मोकळे झाले नाहींत. मंडळीकडून सात मनुष्यें निवडून घेतलीं आणि त्यांच्या हवालीं काम केलें. पानावर भाकर पडत राहिली. नकार आणि अंग चोरणें यांत भेद करावयाचा असेल, तर तो येथें सांपडतो.

सोळाव्या शतकांतील इग्नेशियस लोयोला यानें निवडीच्या प्रसंगासाठीं कांहीं कसोट्या घालून दिल्या, त्या आजहि उपयोगीं पडतात. पूर्वीं कधींहि न पाहिलेला एखादा मनुष्य याच अडचणींत सांपडून सल्ला विचारावयास आला आहे असें समजावें, आणि त्याला काय सांगाल तें स्वतः करावें. आपण मरणशय्येवर आहों अशी कल्पना करावी, आणि त्या वेळीं काय केलें असतें तर समाधान वाटेल हें पाहावें. मन काळोखांत, उदास असतांना पूर्वींचा निश्चय मोडूं नये, हाहि त्याचाच दंडक. शेवटच्या नियमाकडे फार दुर्लक्ष होतें. पुष्कळ राजीनामे थकलेल्या रात्रीं लिहिले जातात, आणि पुष्कळ होकार उत्साहाच्या सकाळीं दिले जातात. दोहोंनाहि थोडे दिवस मुरूं दिलें असतें तर बरें झालें असतें.

यावर कोणी म्हणेल, याच लोयोलाचा सोबती फ्रान्सिस झेवियर यानें कोठें दिवस मोजले? गोष्ट खरी आहे. १५४० सालीं हिंदुस्थानाकडे निघावयाचा बोबादिल्ला हा आजारी पडला, झेवियरला विचारण्यांत आलें, आणि तो एक-दोन दिवसांतच रोम सोडून निघाला. १५४२ सालीं तो गोव्यास पोंचला. पण तो होकार दोन दिवसांत तयार झालेला नव्हता. जेथें पाठवाल तेथें जाऊं हा शब्द त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं पूर्वींच देऊन ठेवला होता. आधींचा शब्द स्पष्ट असेल, तर नंतरच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां त्यांतूनच निघतें.

संसारी मनुष्याचेहि असे आधींचे शब्द असतात: लग्नाचा, लेकरांच्या बाप्तिस्म्याच्या वेळचा, म्हाताऱ्या आईबापांचा. एकाच्या होकाराचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, हें महाराष्ट्रांत लक्ष्मीबाई टिळकांइतकें रोकठोक कोणीं लिहिलें नसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा झाला. मोठा कवि, मोठ्या मनाचा मनुष्य. हातीं आलेला पैसा गरजूच्या हातीं देऊन ते मोकळे होत, आणि चूल पेटविण्याचा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे राही. 'स्मृतिचित्रें' वाचतांना वाचक हंसतो. पण त्या हंसण्याखालीं एका स्त्रीची किती ओढाताण आहे, तें जरा थांबून पाहिलें म्हणजे कळतें. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाहि ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतां यावें अशी ती कल्पना होती. दोन वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले. त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें आणि त्यांतील बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत. टिळकांना दोष द्यावा असें येथें मुळींच सुचवावयाचें नाहीं. तो निर्णय घेतला नसता तर टिळक टिळक राहिले नसते. मात्र दारावर पाळकसाहेबांना "हो" म्हणण्यापूर्वीं घरीं एकदां विचारावें, एवढें त्या संसारावरून शिकण्यास हरकत नाहीं.

याहून बारीक उदाहरण पंडिता रमाबाईंचें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. कानांनीं दगा दिला. बहिरेपण वाढत चालल्यामुळें तो मार्ग सोडावा लागला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत असतांना त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें असा विचार निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. बाईंनीं ती मुकाट्यानें मानली नाहीं. मंडळींत प्रवेश केला म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धि कोणाच्या स्वाधीन केली असें होत नाहीं, हें त्यांनीं आपल्या वडीलधाऱ्या धर्मभगिनींस पत्रांतून निक्षून कळविलें.

१८८७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं रमाबाई असोसिएशन निघाली. खर्च दहा वर्षें द्यावयाचा आणि विधवांची शाळा धर्माच्या बाबतींत तटस्थ ठेवावयाची, असें ठरलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. या करारांतील मुदत लक्षांत घेण्याजोगी आहे. आपल्याकडे मंडळीचें काम दिलें जातें तें जणूं यावच्चंद्रदिवाकरौ! शब्बाथशाळेचा मास्तर एकदां झाला तो डोळे मिटेपर्यंत, नाहींतर भांडून निघेपर्यंत. "दोन वर्षें करीन, रविवारीं सकाळीं करीन, हिशेबाचें काम माझ्याकडे नसावें," असें आरंभींच कोणी म्हटलें तर तें उद्धटपणाचें धरलें जातें. खरें पाहतां असें बोलणाराच काम नीट पार पाडण्याचा संभव अधिक.

१८९३ सालीं पुण्यांत वादळ झालें. बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली येऊन बसत. सल्लागार मंडळांतील न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं आपलें अंग काढून घेतलें. त्यांचीहि बाजू होती. पालकांनीं त्यांच्या नांवावर विश्वासून मुली धाडल्या होत्या. परंतु बाईंनीं दिलेला शब्द नेमका कोठपर्यंत होता, तें त्यांच्या मनांत स्वच्छ होतें. धर्म कोणावर लादणार नाहीं, हें त्यांनीं कबूल केलें होतें. आपली प्रार्थना दार लावून करूं, हें केव्हांच कबूल केलें नव्हतें. किती मुली गेल्या तरी त्यांनीं दार लावलें नाहीं आणि सदनाचा नियमहि बदलला नाहीं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून उपासमारीच्या बातम्या येऊं लागल्या. हातांतलें सदनच चालविणें जड होतें, आणि पैशाची तरतूद होती ती विधवांच्या शाळेपुरती. सावधपणाच्या सर्व कसोट्यांनीं येथें नकार द्यावयास हवा होता. पण याच बाईंनीं १८७४ सालीं दुष्काळांत आई, बाप आणि पाठोपाठ बहीण गमावली होती. भुकेनें माणूस कसें मरतें तें त्यांनीं पाहिलें होतें. त्या गेल्या, आणि सुमारें तीनशे मुली आणण्याचें त्यांनीं मनावर घेतलें. पुण्यांत प्लेगमुळें एवढ्या मुलींस ठेवणें अशक्य झालें, तेव्हां केडगांवीं घेतलेल्या शेतावर छपरें उभीं राहिलीं आणि तेथें मुक्तिसदन झालें. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. कफर्णहूम सोडून पुढें जाणारा येशु आणि केडगांवीं छपरें घालणाऱ्या रमाबाई, या दोन चित्रांत विरोध दिसतो खरा. परंतु बाईंचें सारें जीवन ज्या प्रश्नासाठीं वाहिलेलें होतें, तोच प्रश्न अस्थिपंजर होऊन पुढें उभा होता. तें काम परकें नव्हतें. शिवाय जुना शब्द त्यांनीं या नव्या कामांत बुडूं दिला नाहीं. शारदासदन त्याच्या नियमांसह वेगळें राहिलें आणि मुक्तीचें काम वेगळें चाललें. दहा वर्षांची मुदत भरली, तेव्हां १८९८ सालीं बाई स्वतः अमेरिकेस गेल्या, झालेल्या कामाची हकीकत आपल्या सहाय्यकांपुढें ठेवली, आणि मगच नवी असोसिएशन व नवी व्यवस्था ठरली.

उत्तरायुष्यांत सभा, व्याख्यानें, प्रवास हें त्यांनीं बहुतेक आंवरतें घेतलें. खेड्यांतील साध्या स्त्रीला समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्र उतरविण्याचें काम त्यांनीं हातीं धरलें होतें. त्यासाठीं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षांमागून वर्षें त्यांत गेलीं. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचें काम मुक्तीच्याच छापखान्यांत तेथील स्त्रिया करीत. १९२१ च्या जुलैंत एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतरहि मुद्रितें तपासणें चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला, तेव्हां त्यांच्याकडचें तपासण्याचें काम संपलें होतें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवाहून बाहेर पडला.