वाण्याची वही आणि माझी वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्याच्या किराण्याचा खर्च कसा आवरावा, या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. एक तर मला भाषणाची सवय नाही. दुसरे असे की, काटकसरीवर बोलणारी बाई जन्मतःच काटकसरी असावी अशी आपली समजूत असते, आणि मी तशी मुळीच नव्हते. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचा खर्च हाताबाहेर कसा गेला होता, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. घरची गोष्ट चारचौघींत सांगू नये म्हणतात. पण येथे सगळ्या घरच्याच आहात.

गोष्ट २०१५ सालची. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. नगरच्या एका कारखान्यात आमच्या ह्यांची नोकरी. तेथे काम कमी झाले, जादा पाळ्या बंद झाल्या, आणि चौदा हजारांच्या जागी हातात नऊ-साडेनऊ हजार येऊ लागले. घरात सासूबाई, आम्ही दोघे, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. त्याच वर्षी तूरडाळ दिवाळीच्या सुमारास किलोला दोनशे रुपयांवर गेली, हे आपणा सर्वांना आठवत असेलच.

आमचा किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून वहीवर येत असे. पगार कमी झाला तेव्हा मी ह्यांना काही बोलले नाही. त्यांना आधीच काळजी, त्यात आपली भर कशाला, असे मनात होते. वाटले, या महिन्यात थोडे मागे राहील, पुढच्या महिन्यात भरून काढू. अशा रीतीने जून गेला, जुलै गेला, आणि दसरा आला तरी वही मिटली नाही.

दसऱ्यानंतर एके संध्याकाळी मुलीला अर्धा किलो तूरडाळ आणावयास पाठविले. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. दुकानदाराने डाळ बांधली होती, पण चार गिऱ्हाइकांसमोर विचारले, "आईला विचार, मागचं केव्हा?" पोरीने पुडा तेथेच ठेवला. घरात येऊन ती एवढेच म्हणाली, "आई, मी आता त्या दुकानात जाणार नाही." दुकानदार वाईट नव्हता. त्याचे पैसे अडकले होते व त्याने विचारले. परंतु माझ्या न बोलण्याची किंमत माझ्या पोरीने भर दुकानात मोजली, हे मी आजही विसरले नाही.

त्या रात्री मी ह्यांच्यापुढे वही ठेवली. बेरीज ११,६४० रुपये होती. ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. सासूबाई भिंतीशी बसून ऐकत होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पारनेर तालुक्यात खडी फोडली होती, मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्या म्हणाल्या, "तवा हिशेब ठेवाया पैकाच नव्हता गं. तुझ्याकडं थोडा का व्हईना, हाये ना? मंग ठेव की हिशेब." भगिनींनो, अर्थशास्त्राचा याहून सोपा धडा मला कोणी दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी व मी वाण्याची वही घेऊन बसलो, आणि एका महिन्याचे आकडे दोन रांगांत मांडले. डाव्या रांगेत यादीतला नेमाचा माल: डाळी, तेल, साखर, शेंगदाणे, चहा, साबण. उजव्या रांगेत अधूनमधून आणलेले किरकोळ. महिन्याचा एकूण आकडा ४,९१० रुपये. त्यात यादीचा माल ३,०५० रुपयांचा, आणि किरकोळ माल १,८६० रुपयांचा! त्या उजव्या रांगेतली एकही रक्कम पन्नासच्या वर नव्हती. पाच रुपयांच्या चहाच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटे, पाहुणा आला म्हणून फरसाण, संपली म्हणून पाव किलो साखर. महागाई तर होतीच. पण उधारीच्या दुकानात दिवसाआड मारलेल्या फेऱ्याही तितक्याच नडल्या होत्या. रोख पैसे मोजताना हात अडखळतो, वहीवर मांडताना तो अडखळत नाही.

मग आम्ही चार नियम केले. ते काही फार थोर नाहीत, पण टिकले, म्हणून सांगते.

पहिला नियम देण्याचा. मी स्वतः दुकानात गेले व दरमहा हजार रुपये देण्याचे कबूल केले. नोव्हेंबरपासून अकरा महिने हजार, आणि बाराव्या महिन्यात सहाशे चाळीस. त्या दिवसापासून नवा माल रोखीनेच.

दुसरा नियम फेऱ्यांचा. पगार झाला की एकदा यादीने माल, आणि पंधरा तारखेला एक मधला फेरा. मधल्या फेऱ्यासाठी तीनशे रुपये निराळ्या डब्यात. डबा रिकामा झाला की पुढच्या तारखेपर्यंत त्या वस्तूवाचून चालवावयाचे. पहिल्या महिन्यात साखर सहा दिवस आधी संपली, आणि आम्ही गुळाचा चहा प्यायलो. कोणाचे काही बिघडले नाही.

तिसरा नियम यादीचा. यादी रुपयांत न करता मापात करावी. पाच माणसांना ज्वारी वीस किलो, गहू पंधरा, तांदूळ सहा, डाळी-कडधान्ये मिळून पाच, शेंगदाणे तीन, साखर चार, तेल माणशी अर्धा लिटर म्हणजे अडीच लिटर. हे आमच्या घरचे माप. तुमचे निराळे असेल, म्हणून एक महिना मोजून पाहा. भाव वर्षात दहादा बदलतो, पण पोटाचे माप फारसे बदलत नाही. मापाची यादी हाती असली की एक वस्तू महागताच तिच्या जागी दुसरी घालता येते. तूर दोनशेवर गेली तेव्हा आम्ही तूर एका किलोवर आणली व मसूर, मटकी, हुलगा वाढविला. हुलग्याचे शेंगोळे हे आपल्या नगरकडचेच अन्न; थंडीत ते घरातल्या सर्वांनी आवडीने खाल्ले.

चौथा नियम वर्षाच्या धान्याचा. रब्बीची ज्वारी व गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतात व तेव्हा बहुधा स्वस्त असतात. पण त्याच वेळी एकदम दहा हजार कोठून आणावयाचे? म्हणून पुढे कर्ज फिटल्यावर मी दरमहा साडेआठशे रुपये धान्याच्या नावाने निराळे ठेवू लागले. पुढे मंडळातल्या काही जणींनी मिळून आडते बाजारातून पोत्याने धान्य घेण्यास सुरुवात केली. ज्वारी ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून भरावी, गव्हाला एरंडेल चोळावे. हे आपल्या आज्यांचेच शिक्षण. उन्हाळी कांदाही तसाच. एप्रिल-मेमध्ये चांगला वाळलेला घेऊन हवेशीर जागी पसरून ठेवला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. २०१९ च्या डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला तेव्हा या साठवणीचे शेवटचे दोन किलो आम्ही फार जपून वापरले.

मिळून खरेदी करण्याची ही कल्पना आमची नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेथे काही कुटुंबांचा एक संघ होतो, सगळ्यांची महिन्याची यादी एकत्र जाते, माल एकाच घरी उतरतो आणि तेथे तो वाटून घेतात. यात स्वस्ताई तर आहेच. पण माझ्या मते मोठा लाभ असा, की यादी आधी लिहून द्यावी लागते. लिहिलेल्या यादीत पाच रुपयांची पुडी सहसा शिरत नाही.

आता दुकानात लक्ष कोठे ठेवावे, याबद्दल दोन गोष्टी. तेल घेताना लिटर की किलो हे वाचा. एक लिटर तेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा लिटरचा डबा व पंधरा किलोचा डबा यांत साधारण १ किलो ३५० ग्रॅमचा फरक पडतो. दुसरे, पुड्यांची वजने. पूर्वी बऱ्याच वस्तूंची वजने नियमाने ठरलेली असत. २०२१ साली केंद्र सरकारने नियम बदलले. ते बंधन गेले, आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत किती पडते हे पाकिटावर छापण्याचा नियम आला. कमाल किमतीजवळचे ते बारीक अक्षर वाचावयास चष्मा लागला तरी लावा. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो असे नाही, आणि दहा रुपयांचा पुडा वर्षानुवर्षे दहाचाच राहतो तेव्हा आतला माल बहुधा कमी झालेला असतो.

येथवर सारे गोड झाले. आता माझी चूक सांगते, आणि तुम्ही घरी काही नेणार असाल तर हेच न्या.

हप्ता सुरू झाला तेव्हा हजार रुपये कोठून तरी निघावयास हवे होते. किरकोळातून निघाले, तरी थोडे कमी पडत. ते मी कोणालाही न सांगता माझ्या ताटातून काढले. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले कोरड्यास आणि भाकरी; वरण उरले तर उरले. दूध मुलांना व सासूबाईंना. मला आवडत नाही, असे मी सांगितले. चार महिने असे चालले. मार्चमध्ये जिना चढताना मला भोवळ आली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ निघाले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जेवणात काय असतं?" आणि मी म्हटले, "सगळं असतं." वाण्याच्या वहीबद्दल एकदा लपवाछपवी करून मी पोरीला लाज आणली होती, तीच लपवाछपवी मी पुन्हा केली होती, या वेळी स्वतःच्या अंगाशी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. त्याला कारणे पुष्कळ असतील. पण शेवटी जेवणारी बाई हे त्यांतले एक आहे, असे मी अनुभवाने म्हणते. जी बचत घरातल्या एकाच माणसाच्या ताटातून निघते, ती बचत नव्हे. ती दुसऱ्या नावाची उधारीच आहे, आणि ती औषधांच्या दुकानात फेडावी लागते.

मुलीला हे कळले तेव्हा तिने आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले, "डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध: पाच माणसांचे." आणि त्या दिवसापासून आम्ही रात्री एकत्र जेवू लागलो. हप्ता मात्र चुकविला नाही. ह्यांनी तंबाखू सोडली, मी दोन घरची ब्लाउजे शिवावयास घेतली. ऑक्टोबर २०१६ मध्ये, दिवाळीच्या आधी, शेवटचे सहाशे चाळीस रुपये द्यावयास मुलगी स्वतः गेली. दुकानदाराने वहीवर रेघ मारली व तिच्या हातावर पेढा ठेवला. ती आज परिचारिका आहे आणि पगार झाला की पहिल्यांदा यादी करते.

भगिनींनो, सारा दोष बाईच्या हिशेबावर टाकावा, असे माझे म्हणणे नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, ते योग्यच होते. पगारच पुरेसा नसेल तर वही काय करणार? रेशनवर ज्यांचा हक्क आहे त्यांनी तो न लाजता घ्यावा. २०१३ च्या कायद्याने तो दिला आहे. पण जेवढे आपल्या हाती आहे तेवढे तरी आपल्याला दिसावयास हवे, आणि त्यासाठी वही हवी.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले. चौंडीच्या त्या लेकीने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या मुख्यतः स्वतःच्या खासगीच्या उत्पन्नातून. दौलतीचा पैसा निराळा, खासगीचा निराळा. माझ्या फडताळात धान्याचा डबा, मधल्या फेऱ्याचा डबा व घरखर्चाचा डबा असे तीन डबे आहेत. एवढ्या मोठ्या बाईशी आपली तुलना कोण करील? पण डबे निराळे ठेवताना मला त्यांची आठवण होते खरी.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर मागच्या महिन्याचा खर्च दोन रांगांत मांडून पाहा, आणि तो घरच्या माणसांसमोर मांडा. एकटीने मांडू नका. आणि रात्री ताट वाढाल तेव्हा आपलेही ताट त्याच वेळी वाढून घ्या.