टेपातली गाणी, टेपातले आवाज

कामं उरकून रेडिओजवळ बसलेल्यांना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

एरवी आपण या वेळेला कर्ज, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन यांवर बोलतो. आज गाण्यांवर बोलू. १९९० नंतरची दहा वर्षं, म्हणजे कॅसेटचा काळ. आमच्या गटातल्या काही जणी तेव्हा परकरात होत्या, काही नुकत्याच सासरी आल्या होत्या. पण त्या गाण्यांचा विषय निघाला की सगळ्या एका वयाच्या होतात.

१९९० साली 'आशिकी' आला. पिक्चर पाहिलेल्या आमच्यात दोघी-तिघीच निघाल्या, गाणी मात्र सगळ्यांना पाठ. ती एसटी स्टँडवरच्या टपरीतून आली, पिठाच्या गिरणीतून आली, लग्नाच्या मांडवात झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून आली. त्यात गाणाऱ्या कुमार सानूंना पुढं १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं. अनुराधा पौडवाल तर आपल्या घरच्याच वाटायच्या, कारण सकाळी देवाची गाणीही त्यांच्याच आवाजात लागायची. आणि आषाढ आला की प्रल्हाद शिंदे. त्यांच्या आवाजाशिवाय वारी सुरू झाल्यासारखी वाटायचीच नाही.

१९९४ साली आला 'हम आपके हैं कौन'. चौदा गाणी! हळद, डोहाळजेवण, बारसं, कुठल्याही कार्याला त्यातलं एक गाणं हजर. त्याचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. सुरुवातीला राम आणि लक्ष्मण अशी जोडी होती. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार'ला १९७५ साली या जोडीनं संगीत दिलं. पुढं लवकरच जोडीदार वारला. पाटलांनी त्याचं नाव काही सोडलं नाही, शेवटपर्यंत दोघांच्या नावानं काम केलं. गटात काम करणाऱ्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आणि १९९१ ची 'माहेरची साडी'. विजय कोंडके यांचा पिक्चर, अलका कुबल नायिका. ट्रॅक्टर भरभरून बाया गेल्या, पदर भिजवून आल्या. आज आमच्यातली एखादी म्हणते, इतकं कशाला सोसायचं? खरं आहे. पण तेव्हा चारचौघींत मोठ्यानं रडायला दुसरी जागा कुठं होती? आपल्यासारखंच शेजारणीचंही आहे, हे पुष्कळ जणींना तिथं अंधारात कळलं. आज ते आपण बैठकीत, उजेडात बोलतो.

त्या काळाची आठवण गोड आहे, पण सगळी गोड नाही. टेप कुणाचा होता? दिराचा, नाहीतर सासऱ्यांचा. बटण त्यांनी दाबायचं, आपण चुलीपाशी ऐकायचं. तालुक्याच्या दुकानात गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून आणायची, तर ती यादीही पुरुषच लिहायचे. सेल संपतील म्हणून आपल्या आवडीचं गाणं अर्ध्यात बंद व्हायचं. आमच्या गटातल्या एक आजी म्हणतात, "मला कुठलं गाणं आवडतं, हे साठ वर्षांत कुणी इचारलंच न्हाई." म्हणून आता बैठक संपली की आम्ही दर वेळी एकीला विचारतो आणि तिचं गाणं मोबाईलवर लावतो. आजींनी पहिल्यांदा काय सांगितलं? 'आशिकी'!

आता कामाचं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. गाणी मोबाईलवर मिळतात. पण पुष्कळ घरांत कोऱ्या कॅसेटवर घरचे आवाज भरलेले आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आईनं म्हटलेलं हळदीचं गाणं, मुंबईला गेलेल्या भावानं बोलून पाठवलेली खुशाली. ते आवाज दुसरीकडं कुठंच मिळणार नाहीत.

आधी कॅसेट उजेडात धरून बघा. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, जाणकाराकडं न्या. रीळ सैल असेल तर भोकात पेन्सिल घालून हळू फिरवून घ्या. जुना टेप रीळ गुंडाळून खातो, म्हणून आधी नको असलेली एखादी कॅसेट लावून बघा. ती नीट वाजली तरच घरची लावा. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे असतात, ते मोडून टाका. मग चुकून वरून काही भरलं जाणार नाही. रात्री सामसूम झाली, पंखा बंद केला, की टेपजवळ मोबाईल ठेवून आवाज रेकॉर्ड करा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असते, तेवढा वेळ घरच्यांना गप्प बसवा! मग ते रेकॉर्डिंग आणखी दोघींच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. एकच मोबाईल पडला-फुटला तर पुन्हा हळहळ नको. आणि मूळ कॅसेट ऊन, ओल आणि स्पीकर यांच्यापासून लांब ठेवा. स्पीकरमधल्या लोहचुंबकानं आवाज पुसट होतो.

ज्यांच्या घरी कॅसेट नाही, पण आई, सासू, आजी आहे, त्यांचं काम तर सोपं आहे. या आठवड्यात त्यांना एक गाणं म्हणायला सांगा आणि मोबाईलचं बटण तुम्ही दाबा. ओवी म्हणोत, नाहीतर कुमार सानूचं गाणं म्हणोत. त्यांना आवडतं ते म्हणू द्या.

पुढच्या वेळी पीकविम्याबद्दल बोलू. नमस्कार.