प्रदूषणाचा हिशेब चारचौघांत मांडा



आज या सभागृहात शाळा, वसतिगृहे, दवाखाने चालवणारे विश्वस्त आणि कार्यकर्ते मोठ्या संख्येने आले आहेत. पर्यावरण जपले पाहिजे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण संस्था म्हणून ते जपायचे कसे, त्याची पद्धत काय, हा प्रश्न उरतोच.

याची एक जगभर मान्य पद्धत आहे. आयएसओ १४००१ हे मानक १९९६ साली आले आणि २०१५ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. आपल्या कामाचा हवा, पाणी, जमीन यांवर काय परिणाम होतो ते शोधा, उद्दिष्ट ठरवा, कामाला लागा, मोजा, तपासा, चुकले तिथे दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, असे त्याचे थोडक्यात सार. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. सांडपाण्यात अमुक इतकेच प्रदूषण चालेल, असा आकडा हे मानक देत नाही. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संस्थेत व्यवस्था आहे, एवढेच सिद्ध होते. नाल्यात जाणारे पाणी स्वच्छ आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मग व्यवस्था कागदावर राहू नये म्हणून काय करायचे? इंडोनेशियाचा अनुभव इथे उपयोगी आहे.

तिथे कायदे होते, पण तपासणीला माणसे कमी आणि कोर्टाची वाट लांब. म्हणून १९९५ साली सरकारने ‘प्रॉपर’ नावाची योजना आणली. नद्यांत सांडपाणी सोडणाऱ्या १८७ कारखान्यांना पाच रंगांत गुण दिले. काहीच न करणाऱ्याला काळा, अपुरे करणाऱ्याला लाल, कायदा पाळणाऱ्याला निळा, त्याहून पुढे जाणाऱ्याला हिरवा आणि सर्वोत्तमाला सोनेरी. पहिल्या फेरीत सोनेरी एकालाही मिळाला नाही. हिरवे फक्त ५. जवळजवळ दोन तृतीयांश कारखाने लाल किंवा काळ्या रंगात होते.

सरकारने आधी फक्त हिरव्यांची नावे जाहीर केली. बाकीच्यांना सुधारायला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. तेवढ्या काळात काळ्या रंगातले कारखाने ६ वरून ३ वर आले. लाल रंगातले बहुतेक मात्र तिथेच राहिले, हेही सांगितले पाहिजे. सुधारणा हळूहळू होत गेली.

पुढे अभ्यासकांनी कारखान्यांच्या व्यवस्थापकांना विचारले, की या योजनेने तुमच्यावर परिणाम कसा झाला? बदनामीची भीती, शेजारच्या वस्तीचा दबाव ही कारणे होतीच. पण आपला कारखाना नेमके किती प्रदूषण करतो हे आम्हाला यातून कळले, हे कारण त्यांच्या उत्तरांत ठळक होते. म्हणजे गुणपत्रिका लोकांसाठी काढली आणि धडा मालकालाही मिळाला.

आपल्या महाराष्ट्रातही २०१७ पासून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना धुराड्यातील धूलिकणांच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची योजना सुरू केली. कारखान्याशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला ही माहिती मिळणे मोलाचे आहे. धूर त्यांच्याच घरात येतो, आणि हातात आकडा असला की त्यांच्या तक्रारीला वजन येते.

पण कारखानदाराकडे हिशेब मागणाऱ्याने आपलाही हिशेब द्यावा. आपल्या वसतिगृहात महिन्याला किती पाणी लागते? दवाखान्याचा जैववैद्यकीय कचरा वेगळा होतो का, तो कोण नेतो? वीजबिल आपण भरतो, पण मागच्या वर्षीच्या युनिटशी ते ताडून पाहतो का?

यासाठी महागडा सल्लागार नको. पाण्याला मीटर बसवा, कचरा वजन करून द्या, विजेची युनिटे वहीत लिहा. दर तीन महिन्यांनी हे आकडे सूचनाफलकावर लावा. पालकांना, रुग्णांना, विद्यार्थ्यांना ते वाचू द्या. वाढलेला आकडाही लपवू नका, कारण का वाढला हे विचारणारे कोणीतरी भेटले तरच तो खाली येईल.

पुढच्या विश्वस्त बैठकीत जमाखर्चाबरोबर हाही हिशेब मांडा, एवढीच विनंती करून थांबतो.