जुन्या गाडीला हात लावणारा मिस्त्री

आमच्याकडे 1998 च्या मॉडेलची टाटा 1612 आहे. कन्नड-सिल्लोडकडचा मका आणि अद्रक छत्रपती संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केट यार्डात आणायचं, परतीला खत किंवा सिमेंट मिळालं तर भरायचं, यावर आमचं घर चालतं. कर्ज केव्हाच फिटलं. चेसिस सरळ आहे, पाटे चांगले आहेत, हाउसिंग आवाज करत नाही. तरी गाडी बिघडली की पोटात गोळा येतो, आणि तो खर्चाच्या भीतीने येत नाही. न्यायची कुणाकडे, हा प्रश्न असतो. बीड बायपासला विचारा, नगर नाक्याला विचारा, वाळूजजवळच्या पंढरपुरात विचारा. मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "शेठ, जुनी गाडी आपण घेत नाही आता. जागा अडकते."

त्याला नावं ठेवून उपयोग नाही, कारण त्याचं म्हणणं खरं आहे. पंचवीस वर्षांच्या गाडीचा एक बोल्ट खोलायला गेलं तर गंजलेला स्टड आतच तुटतो. मग ड्रिल मारा, आटे पाडा, वेल्डिंगवाल्याला बोलवा. तासाभराचं काम दिवसावर जातं आणि तुटलेल्या स्टडचे पैसे द्यायला मालक तयार नसतो. पार्टचंही तेच. कंपनीचा माल मिळेनासा झाला की डुप्लिकेट बसवावा लागतो. तो महिन्याभरात गेला तर शिव्या मिस्त्रीला. शिवाय आम्हा एक-गाडीवाल्यांची उधारी. मका विकला गेला की देतो, भाडं आलं की देतो. तोवर गाडी शेडमध्ये घोडीवर उभी आणि मागे नव्या गाड्यांची रांग.

ही विद्या मुळात आपल्याकडे रुजली कशी, तेही सांगायला हवं. टाटांच्या टेल्को कंपनीने 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. 1969 मध्ये करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा बेंझचा तारा गेला, पण इंजिनाचा घाट तोच राहिला. सहा सिलिंडर एका ओळीत, बाजूला मायकोचा पंप, बाकी सगळं लोखंड आणि डिझेल. टाटाचं 692 इंजिन ज्याने खोललं होतं त्याला पुढचं 697 परकं वाटलं नाही. एकच मिस्त्री बापाची गाडी आणि मुलाची गाडी त्याच पान्यांनी दुरुस्त करू शकला. हा धागा सलग होता आणि आपल्या मराठवाड्यातली गॅरेजं त्याच धाग्यावर उभी राहिली.

तो धागा प्रदूषणाच्या नियमांनी तुटला. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आलं, आणि मधली पायरी सोडून 1 एप्रिल 2020 पासून थेट बीएस-6. इंजिनाला सेन्सर लागले, पंपाचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला, धूर धुवायला युरियाची वेगळी टाकी आली. हवा स्वच्छ व्हायला हवी, यात मला शंका नाही. चिकलठाणा, वाळूजची हवा आम्हीही श्वासात घेतोच. पण या बदलाचा परिणाम असा झाला की नवा पोरगा स्कॅनर लावून बिघाड वाचायला शिकतो, आणि ज्या गाडीला स्कॅनर लावायची जागाच नाही तिच्यापुढे तो अडतो.

शिकणारी मुलंही दुसरीकडे गेली. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या शहरात हाताने काम करणाऱ्या पोराला गणवेश, पाळी आणि पगाराची तारीख दिसली. कुठला बाप म्हणेल, ते सोड आणि ट्रकखाली ग्रीसमध्ये झोप? त्यात जागाही गेल्या. 2025 च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून रस्ते मोकळे करण्याची महापालिकेची मोहीम सुरू झाली, ती पुढे बीड बायपास, पैठण रोड, पडेगावपर्यंत गेली. रस्ते रुंद व्हायलाच हवे होते. पण जुन्या गाडीचं काम रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कमी भाड्यातच परवडतं. शेड गेलं की म्हातारा मिस्त्री दुसरीकडे नवं मांडत नाही, घरी बसतो.

जे उरले आहेत त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. आमची गाडी भरलेली असली की चढाला दम टाकायची आणि काळा धूर सोडायची. एका ठिकाणी फुल इंजिन काम सांगितलं, म्हणजे लाइनर-पिस्टनपासून क्रँक ग्राइंडिंगपर्यंत सगळं. मग एका साठी ओलांडलेल्या उस्तादांकडे गेलो. मी विचारलं, "उस्ताद, पंप उतरवायचा का?" ते म्हणाले, "थांबा शेठ, पंपाचं सील तोडलं की खर्च सुरू होतो."

त्यांनी गाडी चालू करायला लावली. पाना घेतला आणि नोझलला जाणाऱ्या पहिल्या पाइपचा नट जरासा ढिला केला. डिझेलची पिचकारी बाहेर आली आणि इंजिनाचा आवाज लगेच पडला. नट आवळला, आवाज सावरला. दुसरा, तिसरा, तसंच. चौथ्याचा नट ढिला केला, डिझेल बाहेर आलं, पण इंजिनाचा आवाज जसा होता तसाच राहिला. म्हणजे चौथा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. नोझल काढून पंपवाल्याकडे हातटेस्टरवर लावलं, तर डिझेलचं धुकं व्हायच्या ऐवजी थेंब गळत होते. टीप बदलली, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली, आणि गाडी संध्याकाळी भरायला उभी राहिली. शेजारी त्यांचा हेल्पर टॅपेट लावताना 1-5-3-6-2-4 हा फायरिंगचा क्रम पाढ्यासारखा पुटपुटत होता. त्या शेडमध्ये मला दिसलेला तो एकच शिकाऊ.

उस्तादांनी मजुरी लावली ती पाइप ढिले करण्याची आणि नोझल बसवण्याची. चौथा सिलिंडर ओळखण्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि मीही आधी दिले नव्हते, कारण तशी रीतच नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्याचे पैसे बिलात येतात, तेव्हा आपण चकार शब्द काढत नाही. कानाने तेच काम करणाऱ्याला मात्र आपण फक्त पाने फिरवण्याची मजुरी देतो. जुन्या गाडीला मिस्त्री मिळत नाही याचं पहिलं कारण मी इथे पाहतो, आणि ते बदलणं आम्हा गाडीवाल्यांच्या हातात आहे. बिघाड शोधण्याचे वेगळे पैसे द्यावेत, आधी ठरवून, रोख. तुटलेल्या स्टडचे पैसे मालकाचे, हेही आधीच कबूल करावं.

कुणी म्हणेल, भंगारात काढा ना गाडी. 15 वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीच्या फिटनेस नूतनीकरणासाठी केंद्राने 1 एप्रिल 2022 पासून 12,500 रुपये शुल्क ठरवलं होतं, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला पासिंग दरवर्षी असतं. ज्या गाडीचं गणित यात बसत नाही ती कटिंगला जाईलच. पण नवी गाडी घ्यायला ज्याला बँक उभं करत नाही त्याची जुनी गाडी रस्त्यावर राहणार आहे. ती नीट मिस्त्रीशिवाय राहिली तर जास्त धूर सोडेल आणि उतारावर ब्रेक सोडेल.

या शहरात एक सोय आहे, ती फार थोड्या शहरांत आहे. राज्यात एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: पुण्याजवळची दापोडी, नागपूरची हिंगणा, आणि तिसरी आपल्या चिकलठाण्याची. एसटीतून निवृत्त झालेल्या, टाटा आणि लेलँडवर हयात घातलेल्या मेकॅनिकना आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गात आठवड्यातून एखादा दिवस मानधन देऊन बोलवावं. समोर पंपाचं जुनं चालू इंजिन ठेवावं आणि मुलांना एकेक पाइप ढिला करू द्यावा.

आणि ज्या मुलाला आत्ताच शिकायचं आहे त्याने पावसाळ्यात गॅरेज गाठावं. मका निघायच्या आधी, श्रावणाच्या आसपास, गाड्या उभ्या असतात आणि मालक इंजिन काम तेव्हाच काढतात. उस्तादांना सांगायला वेळही तेव्हाच असतो. सुरुवातीला डिझेलमध्ये पार्ट धुवायचं काम मिळेल. ते मन लावून करावं, कारण कुठला पार्ट कुठून निघाला आणि कुठे झिजला, हे धुतानाच हाताला कळतं.