संशोधनाची शिस्त आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



मुलगा किंवा मुलगी बी.ई. झाली की घरात पेढे वाटले जातात आणि तिने एम.टेक्.ला प्रवेश घेतला की प्रश्न सुरू होतात. आणखी दोन वर्षे? आता शिकायचे काय राहिले? व्यापारी कुटुंबात हा प्रश्न अधिकच तीव्रतेने विचारला जातो, कारण दोन वर्षांचा हिशेब तेथे सर्वांना चटकन करता येतो. प्रश्न व्यवहाराला धरून आहे. त्याचे उत्तरही व्यवहाराच्या भाषेत देता येण्यासारखे आहे.

पदवीपर्यंतच्या अभ्यासात उदाहरण दिले जाते आणि त्याचे उत्तर पुस्तकाच्या अखेरीस छापलेले असते. आपले उत्तर जुळले नाही तर चूक आपली, हे गृहीतच असते. पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक प्राध्यापक पहिल्याच भेटीत विचारतात, "तुमचा प्रश्न काय?" विद्यार्थी विषयाचे नाव सांगतो. प्राध्यापक म्हणतात, "हा विषय झाला. प्रश्न काय?" या ठिकाणी भलेभले गुणवंत अडखळतात. ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, पण मोजमाप करून मिळू शकेल, असा प्रश्न शोधून काढणे हेच पहिल्या सहामाहीचे खरे काम होय. पूर्वी त्यावर कोणी काय केले आहे हे वाचण्यात महिने जातात, आणि घरच्यांना वाटते की चिरंजीव नुसतेच वाचत बसले आहेत.

आपल्या नागपुरातीलच उदाहरण घेऊ. १९६० मध्ये सुरू झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. आज ते व्हीएनआयटी या नावाने सर्वपरिचित आहे. अशा संस्थेतील स्थापत्यशास्त्राची एखादी विद्यार्थिनी काँक्रीटवर काम करू इच्छिते असे समजू. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांतून दगडी कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, निघते. सिमेंटचा काही भाग वगळून त्या जागी ही राख घातली तर काँक्रीटच्या ताकदीचे काय होते? हा प्रश्न ऐकायला सरळ आहे. पण ताकद मोजायची कितव्या दिवशी? प्रचलित प्रथा २८ दिवसांची आहे. राखेचे काँक्रीट मात्र ताकद सावकाश धरते. २८ व्या दिवशी ते मागे पडलेले दिसते आणि ९० व्या दिवशी पुष्कळदा साध्या काँक्रीटच्या बरोबरीला येते. म्हणजे मोजण्याचा दिवस निवडताना उत्तरही अर्धेअधिक निवडले जाते. हे ध्यानात आले की विद्यार्थिनी संशोधनपद्धती शिकू लागली असे समजावे.

पुढची पायरी तुलनेची. राखेचे ठोकळे केले तर त्याच दिवशी, त्याच कन्हानच्या वाळूचे, त्याच पाण्याचे, पण बिनराखेचे ठोकळेही करावे लागतात. कापडाच्या व्यवसायातील मंडळींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कापड धुतल्यावर किती आटले हे सांगायचे असेल तर धुण्यापूर्वी मोजून खूण केलेली असली पाहिजे. नंतर कितीही अचूक गजाने मोजले तरी हुकलेले माप परत मिळत नाही. शिवाय तो गजही तपासून शिक्का मारलेला हवा. प्रयोगशाळेत यंत्राच्या बाबतीत हीच दक्षता घेतात. मानकाप्रमाणे ठोकळे २७ अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात, दोन अंशांहून अधिक फरक न पडू देता, ठेवायचे असतात. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपूरच्या मे महिन्यात हे सांभाळणे किती कष्टाचे आहे याची कल्पना आपण सर्वजण करू शकता. हौदाच्या पाण्याचे तापमान रोज नोंदवले नसेल तर कमी आलेली ताकद राखेमुळे की उन्हाळ्यामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आता खऱ्या कसोटीचा प्रसंग पाहू. १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे यंत्रात दाबून फोडले. ताकद आली ३१, ३२ आणि २४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सरासरी २९. भारतीय मानक ४५६ सांगते की कोणत्याही एका ठोकळ्याचा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असेल तर तो निकाल ग्राह्य धरू नये. येथे २९ चे १५ टक्के म्हणजे ४.३५, २४ हा आकडा ५ ने खाली आहे. निकाल बाद! पुन्हा ठोकळे घालायचे आणि पुन्हा २८ दिवस थांबायचे. इकडे प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली, नोकरीच्या मुलाखती सुरू झालेल्या, आणि खोलीत दुसरे कोणी नाही. २४ च्या जागी २६ लिहिले की सरासरी साडेएकोणतीसच्या थोडी पुढे जाते, तिन्ही आकडे मर्यादेत बसतात आणि महिना वाचतो. पकडले जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

एम.टेक्.च्या दोन वर्षांत नेमके काय शिकायचे असते, असे विचारणाऱ्या पालकांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. जो ठोकळा कमी भरला, तो का भरला? साच्यात काँक्रीट नीट ठासले गेले नव्हते काय? ठोकळ्याची बाजू वाकडी होती काय? की ही राखच पोत्यागणिक निराळी आहे? शेवटची शंका खरी निघाली तर तोच कदाचित सर्व प्रबंधातील सर्वांत उपयोगी निष्कर्ष ठरेल, आणि २६ लिहिणाऱ्याच्या तो कधीही हाती लागणार नाही. उद्या त्या प्रबंधाच्या भरवशावर कोणी स्लॅब टाकला तर त्याखाली माणसे राहणार आहेत, हे तर उघडच आहे.

म्हणूनच प्रयोगाची वही ही जुन्या पेढीवरील रोजमेळासारखी ठेवण्याचा दंडक आहे. नोंद त्याच दिवशी, शाईने, तारखेसह करायची. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती करायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पान फाडायचे नाही. संगणकाच्या काळात ही वही मागे पडू पाहत आहे, ते फारसे बरे नाही.

आकडे प्रामाणिक असूनही प्रश्न अपुरा राहू शकतो, याचे एक थोर उदाहरण आपल्याच शहरात आहे. १९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली; १९७४ पासून ती नीरी या नावाने ओळखली जाते. विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असले की दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायल्यास हाडे वाकतात. त्या काळच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणातील, नलगोंडा जिल्हा यासाठी कुप्रसिद्ध होता. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांनाही हे दुखणे परिचित आहे. नीरीच्या शास्त्रज्ञांनी प्रथम फ्लोराइड शोषून घेणारे पदार्थ तयार केले. लाकडाच्या भुशापासून केलेला पदार्थ झिजू लागला. मग दगडी कोळशापासून दुसरा केला. त्याने फ्लोराइड उत्तम रीतीने निघत असे. प्रयोगशाळेच्या दृष्टीने काम फत्ते झाले होते.

पण तो पदार्थ पुनःपुन्हा धुऊन ताजा करावा लागे आणि संयंत्र चालवण्यास कुशल माणूस लागे. असा माणूस खेड्यात कोठून आणायचा? तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. जे गावात मिळते आणि गावातील माणसाला वापरता येते, त्याने फ्लोराइड काढता येईल काय? त्यातून १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांची पद्धत सिद्ध झाली. पाण्यात ती ढवळायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी घ्यायचे. हीच जगभर नलगोंडा तंत्र म्हणून प्रसिद्ध झाली. तुरटी किती घालायची हे फ्लोराइडइतकेच पाण्याच्या अल्कतेवर, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेवर, अवलंबून असते. म्हणून दोन्हींच्या निरनिराळ्या प्रमाणांसाठी प्रयोग करून मात्रेचा तक्ता बनवला गेला. या तंत्रालाही मर्यादा आहेत. गाळ फार निघतो, मात्रा चुकली तर पाण्यात ॲल्युमिनियम राहते, आणि रोज कोणीतरी लक्ष द्यावे लागते. त्या मर्यादा पुढच्या संशोधकांनीच मोजून मांडल्या, आणि त्यातून नवे प्रबंध निघाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि २०१९ मध्ये संशोधनातील नीतिमत्तेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणला. वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम २०१८ चे आहेत. तरीही पैसे भरून चार दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके बोकाळली आहेत. पालकांनी निबंधांची संख्या विचारण्याचे सोडून "तुझा प्रश्न काय?" असे विचारले तर त्या बाजाराला थोडा आळा बसेल.

शेवटी दानशूर मंडळींसाठी एक गोष्ट. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० च्या मृत्युपत्राने आपल्या संपत्तीचा मोठा भाग उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिला, आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. २०२३ मध्ये तिचे विद्यापीठात रूपांतर झाले. समाजातील अनेक शिष्यवृत्त्या मात्र पदवीच्या गुणपत्रिकेपाशी थांबतात. गेट परीक्षेच्या आधारे प्रवेश मिळालेल्या एम.टेक्.च्या विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपयांची शासकीय शिष्यवृत्ती मिळत आली आहे. ज्यांना ती नाही, त्यांची ओढाताण होते. बाद झालेले तीन ठोकळे पुन्हा घालण्यासाठी लागणारे सिमेंट, बाहेरच्या प्रयोगशाळेतील एखाद्या चाचणीचे शुल्क, वसतिगृहातील जादा एका महिन्याचे भाडे, एवढ्याच रकमेची गरज असते आणि ती नेमकी मे महिन्यात असते. शिष्यवृत्तीचे अर्ज बहुतेक ठिकाणी जुलैत निघतात. विश्वस्तांनी याचा विचार करावा, ही विनंती.