तिसरी चढाई



मला आज संघातल्या एका गड्याविषयी बोलायचं आहे. प्रत्येक संघात तो असतो. गुण हवा असला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आपल्याकडे तो कबड्डीतला चढाईपटू. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. डाव त्याच्या हातून सुरू होतो, चेंडू कुणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो, आणि सामना हरला की गावभर नाव त्याचंच निघतं. तिथे शाळेच्या सामन्यालाही हजारो माणसं जमतात. त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं दुखणं आणि आपल्या पोराचं दुखणं एकच आहे.

चढाई म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तीस सेकंद, एक दम, समोर सात जण. निदान रेषा ओलांडायची, जमलं तर बोनस घ्यायचा आणि जिवंत परत यायचं. प्रो कबड्डी पाहणाऱ्या पोरांना आणखी एक नियम पाठ आहे. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरी ‘करो या मरो’. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. पण नीट बघा, तो नियम करणाऱ्यांनीसुद्धा पहिल्या दोन चढायांना मुभा ठेवली आहे. रिकामं परत येण्याची, समोरच्याचा अंदाज घेण्याची मुभा. आपण घरी, पारावर, चौकात पोराला ती मुभा देत नाही. त्याची प्रत्येक चढाई आपण तिसरी करून टाकतो.

असं का होतं, हेही मला ठाऊक आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीचं स्वप्न आपल्या घराघरात आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडतो, कांद्याचं गणित चुकतं, तेव्हा पोराच्या पायातला जोर बापाला घराचा आधार वाटू लागतो. त्या बापाला मी दोष देणार नाही. पण चढाईला गेलेल्या पोराच्या डोक्यात समोरचा कोपरारक्षक असायला हवा. तिथे घरचं कर्ज आलं की पाय अडखळतो. मैदानावर मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

क्रिकेटमध्ये असंच ओझं वाट्याला आलेल्या कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. जानेवारी 2016. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा, शालेय क्रिकेटच्या भंडारी चषक स्पर्धेत खेळत होता. पहिल्या दिवसअखेर तो नाबाद 652 होता. दुसऱ्या दिवशी नाबाद 1009. क्रिकेटच्या इतिहासात एका डावात हजार धावा करणारा तो पहिलाच. सचिन तेंडुलकरने बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. घरासमोर कॅमेरे लागले.

आणि मग? पुढच्या डावात त्या मुलाने काय करायचं होतं? चाळीस धावा हा शाळकरी मुलासाठी चांगला डाव असतो. पण ज्याच्या नावावर हजार आहेत त्याच्या चाळीस धावा लोकांना अपयश वाटतात. 2017 मध्ये त्याच्या घरच्यांनीच असोसिएशनला कळवलं की ही शिष्यवृत्ती थांबवा, त्याचा खेळ पूर्वीसारखा होत नाही. मुलाच्या खांद्यावरचं ओझं त्यांनी आपल्या हाताने उतरवलं, असं मी मानतो. महिना दहा हजार रुपये सोडणं रिक्षावर चालणाऱ्या घराला सोपं नसतं. मला त्या हजार धावांइतकंच हे मोठं वाटतं.

त्या सामन्यात दुसराही एक संघ होता, हे आपण विसरतो. प्रणवच्या शाळेने 1465 धावा केल्या. समोरची पोरं एका डावात 31 वर आणि दुसऱ्या डावात 52 वर बाद झाली. ती दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावत होती. त्या संध्याकाळी त्यांच्याशी कोण काय बोललं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रणवने मोडलेला विक्रम 1899 चा होता. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद 628 केल्या होत्या. तो मोठेपणी प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही; सैन्यात गेला आणि 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. विरारच्या पृथ्वी शॉने 2013 मध्ये शालेय क्रिकेटमध्ये 546 धावा केल्या, अठराव्या वर्षी पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. 2024 मध्ये आयपीएलच्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याच्या चुका मोजणारे पुष्कळ आहेत. चौदाव्या वर्षापासून साऱ्या राज्याची नजर झेलत मोठं होणं म्हणजे काय, हे मात्र फार थोडे विचारतात. पुढच्याच वर्षी तो महाराष्ट्राच्या संघाकडून रणजी खेळायला उतरला आणि त्याने द्विशतक केलं, म्हणून तर मला त्याचं कौतुक वाटतं.

मुलींनो, तुमच्यासाठी एक नाव सांगतो. सिमोन बाइल्स, जिम्नॅस्ट. टोकियो ऑलिंपिकमध्ये, सगळं जग पाहत असताना, मन आणि शरीर साथ देत नाही म्हणून ती सांघिक अंतिम फेरीतून मधूनच बाहेर पडली. लोकांनी तिला नावं ठेवली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं जिंकली. आज आपल्या शाळेतल्या एखाद्या पोरीने ‘सर, आज मला नको’ म्हटलं, तर आपण तिला भित्री म्हणणार का?

पालकांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. पोरगं जिल्ह्याला निवडलं गेलं की आळेफाट्यावर लगेच फ्लेक्स लावू नका. ‘भावी आंतरराष्ट्रीय खेळाडू’ असं तर मुळीच लिहू नका. त्या रस्त्याने त्याला रोज शाळेत जायचं असतं, हरल्यानंतरसुद्धा. सामना संपल्यावर किती गुण आणले हे विचारू नका; त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. दहावीच्या वर्षात खेळ बंद आणि खेळाच्या वर्षात अभ्यास बंद, असा सौदाही त्याच्याशी करू नका.

शिक्षकांनो, तुम्हालाही विनंती आहे. सगळ्या चढाया एकाच पोराला देऊन शाळेची ढाल येते, पण बाकीची पोरं नुसती उभी राहून मोठी होतात. दोघातिघांना चढाई शिकवा. एकाचा दिवस वाईट गेला तर दुसरा जाईल. मग त्या पहिल्यालाही झोप लागेल.

आता बक्षिसं द्यायची आहेत. मुख्याध्यापक सर, पत्रिकेत ‘सर्वोत्कृष्ट चढाईपटू’ असं एक नाव छापलेलं आहे. ते बक्षीस मी देणारच आहे, त्या पोराने ते कमावलं आहे. पण त्याला एकट्याला वर बोलावू नका. बाराच्या बारा जण, राखीव पाच जणांसकट, एकदमच मंचावर येऊ द्या. या रे पोरांनो, या सगळे वर.